हिवाळ्यात नगरपरिषदेत काय काय ठरतं? मे महिन्यातलं पाणी, वाढलेली घरपट्टी आणि शेकोटीचा दंड

डिसेंबरमध्ये लहान शहरात नगरपरिषदेबद्दल फारशी कुणाची तक्रार नसते. धरण भरलेलं असतं, नळाला पाणी येत असतं, रस्त्यावरचा चिखल वाळलेला असतो. डासही थोडे कमी झालेले असतात. सकाळी घंटागाडी उशिरा आली तरी थंडीमुळे कुणी फार कुरकुर करत नाही.

मे महिन्यात चित्र बदलतं. आठ-दहा दिवसांआड पाणी येतं, हंडा मोर्चा निघतो, नगरपरिषदेच्या दारात मडकी फुटतात, मुख्याधिकाऱ्यांना निवेदन दिलं जातं. त्या निवेदनाला मिळणारं उत्तर बहुतेक वेळा खरं असतं, की धरणात शहरासाठी राखलेलं पाणीच संपत आलंय. पण किती पाणी राखायचं हे मे महिन्यात ठरलेलं नसतं. ते दिवाळीच्या आगेमागे ठरतं आणि त्या वेळी शहरात त्याची चर्चाही होत नाही.

घरपट्टीचं आणि पुढच्या वर्षीच्या रस्त्यांचंही बरंचसं असंच आहे. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या वर्षातले मोठे निर्णय ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात होतात. ते कोण घेतं, कुठे घेतं आणि नागरिकाला त्यात कुठे बोलता येतं, हे इथे समजून घेऊ.

आधी दोन शब्द रचनेबद्दल

नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमा'नुसार चालतो. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, ४० हजार ते एक लाख असेल तर 'ब' वर्ग, त्याखाली 'क' वर्ग. गावाचं शहर होण्याच्या वाटेवर असलेल्या ठिकाणी नगरपंचायत असते. धोरण ठरवणारी सभा नगरसेवकांची असते आणि तिचं अध्यक्षपद थेट जनतेतून निवडून आलेल्या नगराध्यक्षांकडे असतं. प्रत्यक्ष कारभार मुख्याधिकारी बघतात आणि ते सरकारी अधिकारी असतात. 'नगरपरिषदेनं केलं' असं आपण म्हणतो तेव्हा ते सभेच्या ठरावानं झालं की मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं, हे वेगळं करून बघावं लागतं. तक्रार कुणाकडे न्यायची हे त्यावर ठरतं.

पाण्याचा हिशोब १५ ऑक्टोबरला

पावसाळा संपला की १५ ऑक्टोबर या तारखेला धरणात किती उपयुक्त साठा आहे याची नोंद होते. पुढच्या आठ-नऊ महिन्यांचं नियोजन याच आकड्यावर बेतलेलं असतं. जायकवाडीच्या वादामुळे ही तारीख मराठवाड्यात आणि नाशिक-नगरकडे चांगलीच माहितीची आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, अशी तरतूद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात आहे. दर काही वर्षांनी त्यावरून आंदोलनं होतात आणि टीव्हीवर दिसतात. त्याच सुमाराला इतर धरणांवर होणाऱ्या वाटपाची मात्र बातमीही स्थानिक पानावर दोन परिच्छेदांत आटोपते.

हे वाटप दोन ठिकाणी होतं. पिण्याच्या पाण्याचं आरक्षण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत ठरतं. त्यासाठी प्रत्येक नगरपरिषदेनं आपली मागणी लेखी द्यायची असते: इतकी लोकसंख्या, रोजची इतकी गरज, पुढचा पावसाळा सुरू होईपर्यंत इतकं पाणी. दुसरी बैठक कालवा सल्लागार समितीची. मोठ्या धरणांसाठी तिचं अध्यक्षपद सहसा पालकमंत्र्यांकडे असतं. 'रब्बीसाठी दोन आवर्तनं, उन्हाळ्यासाठी एक' अशी बातमी येते ती या बैठकीतून. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिलं प्राधान्य आहे, म्हणजे कागदावर शहराची बाजू भक्कम असते. अडचण येते ती मागणीच चुकीची गेलेली असते तेव्हा. हद्दवाढ झालेली, बाहेरगावाहून शिकायला आणि कामाला आलेल्यांची संख्या वाढलेली, आणि मागणी जुन्या जनगणनेवर काढलेली, असं होऊ शकतं.

हा हिशोब घरी बसून करता येतो. धरणाच्या बातमीत साठा 'दलघमी'मध्ये दिलेला असतो. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, म्हणजेच १०० कोटी लिटर. शहर ५० हजार वस्तीचं असेल आणि माणशी रोज १०० लिटर धरले, तर रोजची गरज ५० लाख लिटर होते. एक दलघमी पाणी अशा शहराला २०० दिवस पुरायला हवं. प्रत्यक्षात तेवढं पुरत नाही. धरणातलं पाणी उन्हानं उडतं, कालव्यानं येताना मुरतं, जुन्या जलवाहिन्यांतून गळतं. त्यामुळे 'आपल्यासाठी किती दलघमी राखलं' एवढाच प्रश्न पुरत नाही. ते पाणी शहराच्या टाकीपर्यंत कोणत्या वाटेनं येणार, हेही विचारावं लागतं.

मनमाडचं उदाहरण घेता येईल. रेल्वेचं मोठं जंक्शन असलेलं हे शहर पाण्याच्या बाबतीत वर्षानुवर्षं ओढगस्तीचं राहिलं आहे. शहराचा साठा वागदर्डी धरणात. त्यात पावसाचं पाणी पुरेसं आलं नाही की पालखेडच्या डाव्या कालव्याच्या आवर्तनावर भिस्त. आवर्तन लांबलं की शहरात दोन पाणीवाटपांमधलं अंतर वाढत जातं, पंधरा-पंधरा दिवसांच्या वर गेल्याचंही मनमाडकरांनी अनुभवलंय. त्याच कालव्यावर शेतीही अवलंबून आणि येवल्यासारखं दुसरं शहरही. म्हणूनच करंजवण धरणातून थेट जलवाहिनीनं पाणी आणायची योजना पुढे आली. कालव्यातून येणारं पाणी आणि बंद पाइपातून येणारं पाणी यात शहराच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. कालव्याच्या पाण्याची तारीख दुसरंच कुणी ठरवत असतं.

आणि वेळेवर काहीच जमलं नाही तर काय होतं, ते २०१६ मध्ये लातूरनं पाहिलं. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. देशभर त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण वरच्या हिशोबानं बघितलं तर ५० हजारांच्या गावाला अशा दहा गाड्या रोज लागतील, आणि लातूर त्याच्या कितीतरी पट मोठं शहर आहे. धरणातलं पाणी संपल्यावर उरणारा कोणताही उपाय असाच महाग आणि तोकडा असतो.

मग हिवाळ्यात नागरिकानं काय बघावं? पहिली गोष्ट म्हणजे यंदा आरक्षणाची मागणी किती दलघमीची गेली आणि मंजूर किती झाली. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात हे पत्र असतं. तोंडी विचारून मिळालं नाही तर माहिती अधिकारात मागता येतं. दहा रुपये शुल्क आणि ३० दिवसांत उत्तर, म्हणजे डिसेंबरात अर्ज केला तर जानेवारीत कागद हातात येतो आणि तेव्हा उन्हाळ्याला अजून वेळ असतो.

दुसरी गोष्ट थकबाकीची. नगरपरिषद धरणातलं पाणी फुकट उचलत नाही, त्यासाठी जलसंपदा विभागाला पैसे द्यावे लागतात. पंप चालवायला महावितरणचं बिल येतं. ही बिलं थकली की नोटिसा सुरू होतात, कधी वीज तोडली जाते आणि भर उन्हाळ्यात 'तांत्रिक कारणामुळे' पाणी येत नाही. ते तांत्रिक कारण पुष्कळदा हिशोबाच्या वहीत सापडतं.

तिसरी गोष्ट टंचाई कृती आराखडा. तो तीन टप्प्यांत असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. विंधन विहिरींची दुरुस्ती, विहिरींचं अधिग्रहण, टँकर असं सगळं त्यात आधी लिहावं लागतं आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते. आपल्या भागातला बंद पडलेला हातपंप आराखड्यात आहे का, हे जानेवारीत बघितलं तर तो दुरुस्त होण्याची शक्यता असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि त्यात जानेवारीची मोजणीही असते. तालुक्याची पातळी किती खाली गेली हे त्यातून कळतं.

गळतीबद्दल एक गोष्ट. रस्त्यावर वाहणारं पाणी पावसाळ्यात लक्षात येत नाही, उन्हाळ्यात दाबच नसतो. कोरडा रस्ता आणि भरलेली लाइन एकत्र सापडते ती हिवाळ्यातच. फुटलेल्या जलवाहिनीचा फोटो काढून तो पाणीपुरवठा विभागाला पाठवायला हेच दिवस चांगले. व्हॉल्व्हमनला गल्लीतल्या सगळ्या गळत्या तोंडपाठ असतात, पण त्याच्या सांगण्यावर टेंडर निघत नाही. लेखी तक्रारींचा ढीग असेल तर निघतं.

घरपट्टीची नोटीस आणि तीस दिवस

जानेवारी उजाडला की वसुली पथकं फिरू लागतात. मार्चअखेर जवळ येतो, सरकारकडून मिळणारं अनुदान वसुलीशी जोडलेलं असतं, म्हणून ही घाई. थकबाकीदारांच्या नावांचे फलक चौकात लागतात, काही गावांत दारासमोर ढोल-ताशाही वाजवतात. नळजोडणी तोडणं आणि मालमत्ता जप्त करणं हे शेवटचे टप्पे. त्याआधी मागणीचं बिल आणि मग नोटीस यायला हवी.

थकबाकी वाढते ती मुख्यतः शास्तीमुळे. थकलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. दहा हजारांची थकबाकी चार वर्षं पडून राहिली तर शास्तीच मूळ रकमेच्या जवळ जाते. शास्ती माफ करणाऱ्या 'अभय योजना' अधूनमधून जाहीर होतात आणि त्यांची मुदत ठरलेली असते. अशी योजना आपल्या गावात लागू आहे का हे कर विभागात विचारल्याशिवाय जुनी थकबाकी भरू नये. उलट, अशी योजना कधीतरी येईलच म्हणून कर थकवत राहणं हा महागात पडणारा जुगार आहे. वेळेवर भरणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, ही त्याची तक्रार खरी आहे.

पण बिल भरण्यापेक्षा महत्त्वाचा प्रसंग दर चार वर्षांनी येतो, तो म्हणजे चतुर्थ वार्षिक कर आकारणी. शहरातल्या मालमत्तांचं मोजमाप पुन्हा होतं, हल्ली ते खासगी कंपनीकडून ड्रोन किंवा टॅबलेट घेऊन केलं जातं, आणि कराची नवी यादी तयार होते. ही यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. नगररचना विभागाचे अधिकारी त्यावर सुनावणी घेतात. हरकत न घेणाऱ्याला यादी मान्य आहे असंच धरलं जातं. पुढे अपिलाची वाट असते, पण ती लांबची आहे.

मोजणीतल्या चुका अगदी साध्या असतात. पत्र्याचं घर आरसीसी म्हणून लागलेलं, घरमालक स्वतः राहत असताना भाडेकरू दाखवलेला, ओटा किंवा मोकळी जागा बांधकामात धरलेली, बंद पडलेलं दुकान चालू दाखवलेलं. म्हणून नोटीस आली की एकूण रकमेवर लगेच भडकण्यापेक्षा आधी क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि बांधकामाचं वर्ष हे चार रकाने बघावेत. हरकत लेखी द्यावी, सोबत जुनी पावती आणि घराचा फोटो जोडावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. 'करवाढ अन्यायकारक आहे' एवढंच लिहिलेली हरकत सुनावणीत टिकत नाही. 'माझं बांधकाम ६०० चौरस फूट आहे, नोटिशीत ८४० लिहिलंय' ही टिकते.

नोटीस हातात मिळालीच नाही, असं अनेकदा होतं. घर कुलूपबंद असतं, मालक पुण्या-मुंबईला असतो, नोटीस दाराच्या फटीत सरकवलेली असते. बाहेरगावी राहणाऱ्यांनी गावातल्या घराची आकारणी यंदा आहे का, हे दिवाळीत किंवा जत्रेला आल्यावर विचारून ठेवलेलं बरं.

शेकोटी, धूर आणि दंड

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचं नाव दर थंडीत बातम्यांत येतं. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की राज्यभर 'निफाड गारठलं' असे मथळे दिसतात. पण थंडी सगळीकडे असते आणि पहाटे प्रत्येक गावात शेकोट्या पेटतात. लाकडाच्या शेकोटीभोवती चार माणसं बसली तर त्याला कुणी हरकत घेत नाही. प्रश्न येतो तो शेकोटीत टायर, प्लास्टिकच्या पिशव्या आणि झाडून गोळा केलेला कचरा पडतो तेव्हा.

हिवाळ्यात हा धूर जास्त त्रास देतो त्याला कारण आहे. एरवी जमिनीलगतची हवा गरम असते, ती वर चढते आणि धूर घेऊन जाते. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वर तुलनेनं उबदार हवेचं झाकण बसतं. धूर त्या झाकणाखाली अडकतो आणि ऊन तापेपर्यंत तिथेच राहतो. दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांना पहाटे जास्त त्रास होतो तो यामुळे.

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात साध्या कचरा जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये भरपाई ठरवली. हा आदेश देशभर लागू आहे आणि तो नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. रस्ता झाडून पानांचा ढीग तिथेच पेटवून देणं ही सर्रास दिसणारी गोष्ट नियमात बसत नाही. तक्रार स्वच्छता निरीक्षकाकडे करायची, ठिकाण आणि वेळ दिसेल असा फोटो जोडून. झाडणाऱ्या माणसाशी भांडून मात्र उपयोग नाही. पाला उचलायला गाडी वेळेवर आली नाही तर त्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो, म्हणून तक्रारीत गाडीचं वेळापत्रक मागावं.

आपल्याकडच्या लहान शहरांना स्वच्छता जमतच नाही, असं मात्र नाही. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशात पहिला क्रमांक २०२० मध्ये कराडला, २०२१ मध्ये विट्याला, २०२२ मध्ये पाचगणीला आणि २०२३ मध्ये सासवडला मिळाला. चारही नगरपरिषदा पश्चिम महाराष्ट्रातल्या. सर्वेक्षण जवळ आलं की गावोगावी भिंती रंगतात, कचराकुंडीच्या जागी रांगोळी दिसते. रंगकामाला हरकत नाही, पण या शहरांनी आधी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा होईल हे बघितलं आणि ते काम भिंतीवर दिसत नसतं.

थंडीत उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी शहरी बेघर निवाऱ्याची योजना आहे, पण तिचं प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असं आहे. त्यामुळे २५-३० हजारांच्या गावात निवारा बहुधा नसतोच. तिथे बसस्थानक, मंदिराचा ओटा आणि दानशूरांची ब्लँकेटं यांवरच भागतं. जत्रेच्या गावांत, उदाहरणार्थ चंपाषष्ठीच्या जेजुरीत किंवा कार्तिकीच्या आळंदीत, गर्दीच्या दिवसांपुरती सोय केली जाते आणि गर्दी ओसरली की तीही उठते.

अर्थसंकल्प: नव्या नगरसेवकांचं पहिलं मोठं काम

२०२५-२६ चा हिवाळा आणखी एका कारणानं वेगळा होता. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपून तीन-चार वर्षं झाली होती आणि कारभार प्रशासकांच्या हाती होता. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक अखेर जाहीर झाली आणि २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. काही ठिकाणचं मतदान पुढे ढकललं गेलं, न्यायालयाच्या आदेशामुळे मतमोजणीही लांबली आणि सगळे निकाल २१ डिसेंबरला लागले. नगरपरिषदेच्या मतदाराला साधारणपणे तीन मतं होती: एक नगराध्यक्षासाठी आणि दोन प्रभागातल्या नगरसेवकांसाठी. म्हणजे बहुतेक प्रभागांना आता दोन नगरसेवक आहेत. 'ते काम दुसऱ्यांकडे आहे' हे उत्तर दोघांकडूनही ऐकू येण्याची शक्यता आहे. त्यावर उपाय एकच, निवेदन एका कागदावर दोघांच्या नावानं द्यायचं.

निवडून आल्या आल्या या सदस्यांसमोर २०२६-२७ चा अर्थसंकल्प होता. मुख्याधिकारी तो तयार करतात, स्थायी समितीपुढे ठेवतात आणि मग फेब्रुवारीच्या आसपास विशेष सभेत तो मंजूर होतो. मार्चमध्ये नगरसेवकाला गाठून 'आमच्या गल्लीत गटार करा' म्हटलं तर तो 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो, ते टाळण्यासाठी नसतं. रक्कम त्या आधीच वाटून झालेली असते. मागणी जानेवारीत द्यायला हवी.

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प जवळपास नेहमीच 'शिलकी' असतो, म्हणजे जमा थोडी जास्त आणि खर्च थोडा कमी. ही बातमी वाचून काहीच कळत नाही. बघायचं ते शेजारचे दोन रकाने: गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती जमलं आणि चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती. घरपट्टीतून गेल्या वर्षी एक कोटी जमले असतील आणि पुढच्या वर्षी तीन कोटी धरले असतील, तर एक तर करवाढ येणार आहे किंवा खर्चाची यादी कागदावरच राहणार आहे. यापैकी काय, हे सभेत विचारायला हवं. दिव्यांगांसाठी उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम ठेवणं बंधनकारक आहे. ती ठेवली जाते, पण खर्च होते का हे पुन्हा त्या 'प्रत्यक्ष' रकान्यातच दिसतं.

सभा नागरिकांना बसून ऐकता येते, मध्ये बोलता येत नाही. सभेची विषयपत्रिका आधी निघते आणि सूचना फलकावर लागते. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा एक फोटो टाकला तरी पुष्कळ काम होतं, कारण 'आयत्या वेळचे विषय' या नावाखाली काय मंजूर झालं हे नंतर इतिवृत्ताशी ताडून बघता येतं.

मार्चच्या आत निधी संपवायचा म्हणून रस्त्यांची कामं हिवाळ्यातच जोरात निघतात. कामाच्या जागी फलक लावावा लागतो. त्यावर कामाचं नाव, रक्कम आणि ठेकेदार यांची नावं असतात. त्याबरोबर दोष दायित्वाचा कालावधी शोधावा. तेवढ्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. फलक रस्त्याच्या आधीच नाहीसा होतो, म्हणून काम सुरू असतानाच त्याचा फोटो काढून ठेवावा.

दाखले आणि पोचपावती

शाळाप्रवेशाची धावपळ जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते आणि नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागासमोर रांग लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्त कायद्यामुळे जन्म दाखल्याचं वजन वाढलंय. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यासाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जाणार आहे. नोंद २१ दिवसांत करायची असते. एक वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि काम बरंच किचकट होतं. दवाखान्यात जन्म झाला की नोंद दवाखाना पाठवतो, पण बाळाचं नाव त्यात नसतं. ते नंतर पालकांनी जाऊन घालायचं असतं आणि नेमकं तेच राहून जातं. दाखल्यावर नावाचा रकाना रिकामा आहे हे मग शाळेच्या खिडकीत कळतं. आईच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, हेही त्याच वेळी बघून घ्यावं.

जन्म दाखला, मृत्यू दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्तेचा उतारा, नळजोडणी या सेवा २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येतात. प्रत्येक सेवेला किती दिवस, शुल्क किती आणि जबाबदार अधिकारी कोण, हे कार्यालयात फलकावर लिहिणं बंधनकारक आहे. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवरून करता येतो किंवा थेट कार्यालयात. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. मग दुसरं, आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोग. सबळ कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

या कायद्यात मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज स्वीकारल्याच्या तारखेपासून. 'कागद इथे ठेवून जा, साहेब आले की बघतो' असं म्हणून घेतलेल्या अर्जाला तारीखच नसते. पोचपावती घेतली नाही तर पहिलं अपीलही करता येत नाही.